प्रवरेच्या उगमाशीं तीन रात्री

सहकुटुंब प्रवास म्हटला म्हणजे आपल्याकडे दोनच प्रकार परिचयाचे आहेत. एक यात्रेचा आणि दुसरा थंड हवेच्या ठिकाणीं जाऊन खिडकींतून डोंगर पाहण्याचा. पहिल्यांत पुण्य लाभतें, दुसऱ्यांत विश्रांति लाभते. आणि दोहोंतही घरांतील स्त्रियांचीं कामें घरच्याइतकींच राहतात, ही गोष्ट कोणी फारशी बोलून दाखवीत नाहीं. मोकळ्या रानांत तंबू ठोकून राहावें, आपलें आपण रांधावें आणि रात्रीं आकाशाकडे पाहत निजावें, हा तिसरा प्रकार. तो कॉलेजांतील तरुणांचा, असा आमचाही समज होता. एकुणऐंशी वर्षांच्या मातोश्री आणि पांच वर्षांची नात ज्यांत आहे, अशा अठरा माणसांच्या एकत्र कुटुंबास तो झेपेल किंवा नाहीं, याचा अनुभव आम्हीं २०२४ सालच्या जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत घेतला. 'वडीलधाऱ्या माणसाला रानांत नेऊन निजविणें हा कोठला शहाणपणा ?' असें ज्यांनीं त्या वेळीं आम्हांस विचारलें, त्यांच्यासाठीं ही हकीकत.

या वेडाचें मूळ ऑस्ट्रेलियांत आहे. आमच्या बंधूंचे चिरंजीव नोकरीनिमित्त मेलबर्नला असतात. त्या खंडाच्या मध्यभागीं जें विस्तीर्ण, तांबड्या मातीचें, जवळजवळ निर्जन माळरान आहे, त्याला तिकडील लोक 'आउटबॅक' म्हणतात. तेथें हे चिरंजीव एका सहल-मंडळाबरोबर जाऊन आले आणि परत आल्यावर त्यांनीं घरीं लांबलचक मजकूर लिहून पाठविला. रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर तो ओसरीवर मोठ्यानें वाचण्यांत आला. एकमेकांस कधींही न पाहिलेलीं सोळा माणसें एका ट्रकांत बसलीं आणि अ‍ॅलिस स्प्रिंग्स गांवाहून साडेचारशें किलोमीटरांवरील उलुरू नांवाच्या प्रचंड खडकाकडे निघालीं. रात्रीं तंबूसुद्धां नाहीं. 'स्वॅग' म्हणून जाड कॅनव्हासची एक पिशवी असते, तिच्या आंत गादी. त्या पिशवींत शिरावयाचें आणि शेकोटीभोंवतीं उघड्यावर निजावयाचें. तिकडे जुलै हा थंडीचा महिना. पहांटे पिशवीवर दंव सांठलेलें असे. लांकडें कोणीं गोळा करावीं, भाजी कोणीं चिरावी, सामान कोणीं चढवावें, हें पाळीपाळीनें ठरलेलें.

मातोश्रींनीं मध्येंच विचारलें, "आणि भांडीं कोण घासतें ?"

"ज्याची पाळी असेल तो. आपल्या मुलानेंही दोनदां घासलीं, असें येथें लिहिलें आहे."

यावर स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या असलेल्या मंडळींत जो हंशा पिकला, त्यांतच आमच्या सहलीचा निकाल लागला असें म्हणावयास हरकत नाहीं.

मजकुरांतील आणखी एका गोष्टीवर त्या रात्रीं बरीच चर्चा झाली. उलुरू हा खडक सभोंवारच्या सपाटीपासून ३४८ मीटर उंच आहे. पूर्वी लोक साखळी धरून वर चढत. ज्या अनंगू लोकांची ती भूमि, त्यांस तो खडक पवित्र. पाहुण्यांनीं वर चढूं नये, अशी त्यांची फार दिवसांची विनंती. १९८५ सालीं तेथील सरकारनें ती जमीन त्यांच्या नांवें परत करून दिली, आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. आतां लोक पायथ्यानें सुमारें दहा किलोमीटरांचा फेरा घालून परत येतात. आमचे एक बंधू म्हणाले, "इतक्या लांब जाऊन वर चढावयाचें नाहीं, म्हणजे गेलें तरी कशाला ?" मातोश्री म्हणाल्या, "प्रदक्षिणा घातली ना त्यानें ? मग झालें तर. देवळाच्या कळसावर कोणी चढतें का ?"

आमच्या जिल्ह्यांत वाळवंट नाहीं, परंतु रान आहे. अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत पावसाळ्याचीं ढगेंसुद्धां जपून खर्च केल्यासारखीं येतात, आणि पश्चिमेच्या टोंकाला, अकोले तालुक्यांत, सह्याद्रीचीं उंच शिखरें उभीं आहेत. तेथेंच रतनगडाच्या कुशींत प्रवरा उगम पावते. मातोश्रींचें माहेर नेवाशाचें. ज्या प्रवरेच्या कांठीं शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच पाण्यांत त्या लहानपणीं पोहल्या. नेवाशाच्या थोडें खालीं ती गोदावरीला मिळते, म्हणजे नदीचा शेवट त्यांनीं पाहिलेला. आरंभ मात्र कधींच पाहिला नव्हता. तंबू म्हटल्यावर त्या नाक मुरडतील अशी आमची अटकळ होती. त्यांनीं एवढेंच विचारलें, "नदी निघते तें ठिकाण तेथून दिसेल ना ?"

तयारीचें वर्णन करण्यांत अर्थ नाहीं. जें न्यावयास नको होतें तें सर्व आम्हीं नेलें. एका पुठ्ठ्यावर कामांची वांटणी मात्र रीतसर लिहिली, आणि भांड्यांच्या चौकटींत पहिल्या दिवशीं घरांतील तिन्ही बंधूंचीं नांवें घातलीं. मातोश्रींनीं स्वतःपुरत्या दशम्या घेतल्या. दुधांत भिजविलेल्या कणकेला प्रवासांत विटाळ नाहीं, हा त्यांच्या सासूबाईंचा दाखला. आणि परक्या चुलीवरचें आपण जेवणार नाहीं, हें त्यांनीं निघण्यापूर्वीच शांतपणें सांगून ठेविलें. त्याबद्दल त्यांच्याशीं वाद घालण्याची आमच्या घरांत पद्धत नाहीं.

शनिवार, १ जून रोजीं लहान बसनें निघालों. दीडशें किलोमीटरांहून थोडा अधिक पल्ला; पण तो नदीच्या उलट अंगानें जातो हें ध्यानांत ठेवून बसलें तर रस्ता वाचनीय होतो. कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडला कीं दोहों बाजूंस ऊंस. लोणीजवळ प्रवरानगरचा साखर कारखाना लागतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें सहकाराच्या पायावर १९५० सालीं उभा राहिलेला. त्या कारखान्याच्या मुळाशीं कालवे, आणि कालव्यांच्या मुळाशीं भंडारदऱ्याचें धरण. संगमनेरला म्हाळुंगी येऊन मिळते. अकोल्याला नदीकांठीं अगस्तीचें स्थान आहे, तेथें दर्शन घेतलें. राजूरला बस थांबविल्याखेरीज पुढें जाणें शक्यच नव्हतें, कारण तेथील पेढ्यांची कीर्ति मुलांनीं आधींच ऐकली होती. राजूर सोडलें कीं ऊंस संपतो, आणि डोंगर अंगावर येऊं लागतात.

भंडारदऱ्याच्या धरणाचें काम १९१० मध्यें सुरू होऊन १९२६ मध्यें पुरें झालें. सुमारें ८२ मीटर उंचीची ती दगडी भिंत. तत्कालीन गव्हर्नरांच्या नांवावरून तिला विल्सन धरण म्हणत. मागच्या जलाशयांत सुमारें अकरा अब्ज घनफूट पाणी मावतें. आम्ही पोंचलों तेव्हां उन्हाळ्याची अखेर. पाणी दूरवर मागें सरलेलें, आणि जेथें एरवीं लाटा असाव्या तेथें भेगाळलेल्या चिखलाचे पट्टे.

आमचा मुक्काम रतनवाडीच्या बाजूला जलाशयाच्या वरच्या अंगास एका लहानशा वाडीला होता. वाडी महादेव कोळ्यांची. तेथील एका नवरा-बायकोनें आपल्या वावरांत सहा तंबू उभारून पाहुण्यांची सोय केली आहे. भातलावणीपूर्वी जमीन मोकळी असते, तेवढाच त्यांचा हंगाम. गृहस्थ मितभाषी. बाई चाळिशींतल्या, चपळ, हंसतमुख. मातोश्रींना त्यांनीं पहिल्याच भेटींत 'आजी' करून टाकलें.

पहिली रात्र वाईट गेली, हें कबूल केलें पाहिजे. आम्ही आलों होतों तें काजवे पाहण्यासाठीं. मेच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत या रानांत ते लक्षावधि प्रकट होतात आणि हल्लीं ते पाहावयास मुंबई-पुण्याहून गाड्यांची रीघ लागते. शनिवार असल्यामुळें ती विशेष होती. रस्त्यावर दिव्यांची रांग. शेजारच्या एका मुक्कामावर मध्यरात्रीपर्यंत ध्वनिवर्धक. आणि ज्या झाडावर चार काजवे चमकावे त्याच्यावर चाळीस फोनांचा झोत. अंधार पाहावयास आलेलीं माणसें आपापला उजेड बरोबर घेऊन आलीं होतीं. आम्हीही त्यांतलेच. मुलें हिरमुसून निजलीं. मातोश्रींस मात्र तंबूचें कांहीं वाटलें नाहीं. जमिनीवर निजण्याची संवय त्यांना आहे, आणि छप्पर थोडें ठेंगणें आहे यापलीकडे त्यांची तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशीं एकादशी. मातोश्री रोजच्या क्रमानें साडेचारास उठल्या. आदल्या सायंकाळीं त्यांच्या स्नानासाठीं आणि सोंवळें धुण्यासाठीं दोन बादल्या पाणी बाईंनीं तंबूमागें आणून ठेविलें होतें. वापराचें पाणी एरवीं धरणांतून पंपानें वर येई; पण त्या आठवड्यांत पंप बिघडलेला असल्यामुळें थेंबन् थेंब विहिरीचा होता, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. अंधारांत बाई रिकामे हंडे घेऊन निघालेल्या मातोश्रींनीं पाहिल्या आणि आम्हांस हलवून उठविलें.

"ऊठ. मला विहिरीपर्यंत ने."

पाऊणएक मैलाची उतरण. एका हातांत विजेरी, दुसऱ्या हाताला मातोश्री, अशा थाटांत आम्हीं ती अर्ध्या तासांत काटली. विहिरीच्या कांठीं आठदहा बायका बसल्या होत्या. पाणी तळाशीं गुडघाभरही नव्हतें. एक मुलगी आंत उतरून तांब्यानें कळशी भरी, ती दोरानें वर ओढली जाई, आणि मग पुन्हां झरा सांचेपर्यंत सगळ्या गप्प बसत. आमच्या यजमानीणबाई मातोश्रींना पाहून संकोचल्या.

"आजी, तुमी कशाला आलात येवढ्या अंधाराच्या ?"

"अशीच. पाऊस नाहीं का ग इकडे ?"

"पाऊस ? चार म्हयनं दम घेऊं देत नाहीं बगा. पर होळी सरली की हे हाल."

हें अक्षरशः खरें आहे. घाटमाथ्याच्या या पट्ट्यांत पावसाळ्यांत चार-पांच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या नगरांत वर्षाचा पाऊस त्याच्या आठव्या हिश्श्याइतका. पण खडक काळा, कठीण, उतार तीव्र आणि मातीचा थर पातळ. पडलेलें पाणी मुरत नाहीं, धांवत सुटतें आणि धरणांत जाऊन बसतें. धरणाचें पाणी कालव्यांनीं खालीं जातें. आदल्या दिवशीं बसच्या खिडकींतून ज्या ऊंसाचें आम्हीं कौतुक केलें, तो येथल्या पावसावर पोसलेला आहे, हें पुस्तकांत वाचलेलें होतें. त्या कांठावर बसून तें निराळें वाटलें.

मातोश्री कांहींच बोलल्या नाहींत. चढण चढतांना तीन वेळां बसल्या. तंबूशीं आल्यावर एक बादली त्यांनीं बाईंच्या स्वयंपाकघरापाशीं परत ठेवावयास लाविली. दुसरींतील चार तांबे घेऊन हातपाय धुतले, अंग पुसलें, कोरड्या धाबळीवर जपास बसल्या. गेल्या साठ वर्षांत आजारपण सोडून त्यांचें स्नान चुकलेलें आम्हांस आठवत नाहीं. घरांतील बायका एकमेकींकडे पाहूं लागल्या. कोणी कांहीं विचारलें नाहीं. त्यानंतर कपडे धुण्याचा विषय सहलींत निघाला नाहीं, आणि मुलांच्या स्नानांचा तर नाहींच. मुलांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

दशम्या गव्हाच्या, एकादशीला चालावयाच्या नाहींत. उपासाला म्हणून घेतलेला राजगिरा मुलांनीं बसमध्यें संपविला होता. हें कळल्यावर बाईंनीं मागील खेपेची वरई काढली, स्वतःच्या डोंगरउतारावर पिकविलेली, आणि दारांत उभ्या राहून विचारलें, "आजी, तुमच्या भांड्यांत देऊं का शिजवून ? का तुमच्या सुना शिजवतील ?" मातोश्री म्हणाल्या, "तूंच शिजव. मीठ बेतानें घाल."

त्या दिवशीं दुपारीं रतनवाडीचें अमृतेश्वराचें देऊळ पाहिलें. शिलाहारांच्या काळचें म्हणून तें सांगतात. काळ्या दगडांतील कोरीव काम असें कीं, शिल्पांतील कांहीं कळत नसलेला मनुष्यही शिखरापुढें घटकाभर उभा राहतो. पावसाळ्यांत गाभाऱ्यांतील लिंग पाण्याखालीं असतें. आम्हीं गेलों तेव्हां तळ ओला होता, इतकेंच. जवळच पुष्करिणी आहे. तिच्या भिंतींतील कोनाड्यांत मूर्ति बसविलेल्या आहेत. मागें रतनगड. त्याच्या माथ्यावरील खडकास आरपार भोंक आहे, त्याला नेढें म्हणतात. खालून तें सुईच्या नाकाएवढें दिसतें. मातोश्रींना तेथून उगमाची दिशा दाखविली. त्या बराच वेळ तिकडे पाहत उभ्या होत्या. मग एका लहान बाटलींत पुष्करिणीचें पाणी त्यांनीं भरून घेतलें, नेवाशाला भावजयीकडे द्यावयास.

आतां रात्रीची गोष्ट. ती लिहितांनाही हात थोडा अडखळतो.

रविवार असल्यामुळें गर्दी ओसरली होती. यजमानांनीं आम्हांस वाडीच्या मागील ओढ्याकडे नेलें. तिकडे ऐन, हिरडा, बेहडा, जांभूळ यांची दाट राई आहे. आमच्या धाकट्या सूनबाई कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकवितात. वाटेंत त्यांनीं मुलांना काजव्यांची सर्व माहिती सांगितली. चमकतो तो बहुधा नर. मादी गवतांत किंवा झुडुपावर बसून त्याला उलट खूण करते. काजव्याच्या उजेडांत उष्णता जवळजवळ नसतेच. अळीच्या स्थितींत तो दीर्घकाळ जमिनींत राहून गोगलगायी खातो आणि पंख फुटल्यावर दोनतीन आठवडेच जगतो. तेवढ्यांत त्याला जोडीदार मिळाला पाहिजे. आणि म्हणूनच दुसरा प्रखर उजेड त्याला घातक. त्यांत त्यांच्या खुणा एकमेकांस दिसत नाहींत. पायवाट सोडून गवतांत चालूं नका, हेंही त्यांनीं दोनदां बजावलें.

इतकें ऐकूनही आमचा बारा वर्षांचा नातू कांचेची बाटली घेऊन केव्हां बाजूला झाला, हें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. पांच मिनिटांनीं त्याच्या आईनें हांक मारली. उत्तर नाहीं. मग सगळ्यांनीं हांका मारल्या. पुढें जें झालें तें सांगावयास नको. अठरा माणसें, चौदा विजेऱ्या आणि फोन, प्रत्येकाचा झोत निराळ्या दिशेला, प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या वर. ओढा पुढें घळींत उतरतो, हें दिवसां पाहिलेलें होतें. त्याची आई त्या बाजूला धांवूं लागली तेव्हां तिला दोघांनीं धरून ठेविलें.

यजमान तोंवर एक शब्द बोलले नव्हते. ते आमच्यापुढें येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आधी समद्या बत्त्या इझवा. आन् गप ऱ्हावा."

मूल हरवलें असतांना दिवे मालवा म्हणणारा मनुष्य आम्हांस त्या क्षणीं वेडा वाटला. पण त्यांच्या आवाजांत कांहीं असें होतें कीं एकामागून एक दिवे गेले. काळोख इतका दाट कीं शेजारचा श्वास ऐकूं यावा पण शेजारी दिसूं नये. मग हळूहळू डोळे उघडले म्हणावें काय. समोरचें एक झाड पेटलें. पेटलें आणि विझलें. पुन्हां पेटलें. खालपासून शेंड्यापर्यंत हजारों ठिणग्या एकाच ठेक्यावर. मग त्याच्या मागचें झाड. मग सबंध उतार. आयुष्यांत जें दृश्य आम्हीं पुन्हां पाहणार नाहीं तें आमच्यासमोर होतें, आणि त्याच्याकडे पाहण्याची कोणाची छाती नव्हती.

"त्यो बगा," यजमान म्हणाले, "खालीं डाव्या अंगाला. येक लुकलुकत नाहीं."

घळीच्या कडेला, कारवीच्या गचपणांत, पिवळट असा एक ठिपका होता. तो विझत नव्हता. तेवढ्या खुणेवर ते अनवाणी उतरले आणि दहा मिनिटांनीं मुलाला पाठुंगळीला घेऊन वर आले. पाय मुरगळला होता. घाबरून तोंडांतून शब्द फुटत नव्हता. खिशांतील इवलीशी विजेरी हातांतून सुटून पडली होती, तिचाच तो ठिपका. आमच्या झोतांत ती कधींच दिसली नसती. दुसऱ्या हातांत बाटली शाबूत होती. आंत तीन काजवे.

त्याची आई त्याला जवळ घेऊन रडत होती. मातोश्रींनीं बाटली मागून घेतली, झांकण काढलें आणि ती गवतांत आडवी ठेविली. तिघांपैकीं दोन उडून गेले. तिसऱ्याला उडतां येईना, तेव्हां सूनबाईंनीं त्याला एका पानावर ठेविलें. यजमानांना आम्हीं हात जोडले, तर ते म्हणाले, "चला, भाकरी निवती हाय."

सोमवारीं द्वादशी. मातोश्रींनीं दशम्यांचा डबा उघडला, तो मुलांपुढें सरकविला, आणि चुलीपाशीं जाऊन बसल्या. बाई नाचणीच्या भाकरी थापीत होत्या.

"मला एक दे. पारणें सोडायचें आहे."

आमच्या थोरल्या सूनबाई चकित होऊन म्हणाल्या, "पण आत्या, तुम्ही तर..."

"जिनें डोक्यावर आणलेलें पाणी दोन दिवस प्यालें, तिच्या हातची भाकरी खाऊं नये, हें कोणत्या पोथींत आहे तें मला दाखवा."

कोणाजवळ तशी पोथी नव्हती. भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेंचा आणि बिनदुधाचा चहा होता.

त्या दिवशीं तरुण मंडळी कळसूबाईला गेली. महाराष्ट्राचें हें सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर. पायथ्याच्या बारी गांवापासून तीन तासांची चढण. अवघड जागीं लोखंडी शिड्या आहेत. माथ्यावर देवीचें चिमुकलें देऊळ. उलुरूसारखी तेथें बंदी नाहीं. नवरात्रांत आसपासच्या गांवचे लोक स्वतःच गर्दी करून वर जातात. या देवीची कथा मात्र आमच्या घरांत कायमची राहून गेली. कळसू ही कोळ्याची मुलगी. एका घरीं कामाला राहिली ती या अटीवर कीं, भांडीं घासणें आणि केर काढणें एवढें मला सांगूं नये. एके दिवशीं कोणी तरी भांडीं घासावयास सांगितलींच. तिनें तीं घासलीं, आणि डोंगरावर निघून गेली ती परत आली नाहीं. हल्लीं आमच्याकडे जेवणानंतर मोरीकडे बोट दाखविलें कीं कोणी ना कोणी "मी कळसूबाईला चाललें" म्हणून उठतें. पुठ्ठ्यावरील पाळ्या अजून भिंतीवर आहेत, आणि बंधूंची नांवें त्यांवरून पुसलीं गेलेलीं नाहींत.

आम्हीं वडील मंडळी तेवढ्या वेळांत घाटघरला जाऊन आलों. तेथें कडा एकदम तुटतो आणि खालीं कोंकण पसरलेलें दिसतें. २००८ सालापासून येथें २५० मेगावॉटचें जलविद्युत्‌केंद्र चालतें. त्याची योजना मोठी युक्तीची आहे. रात्रीं वीज शिल्लक असते तेव्हां खालच्या तळ्यांतील पाणी यंत्रांनीं चारशें मीटरांहून अधिक वर चढवावयाचें, आणि दिवसां तेंच पाणी खालीं सोडून वीज काढावयाची. हें आम्हीं मातोश्रींना समजावून सांगितलें. त्यांनीं नीट ऐकून घेतलें आणि विचारलें, "तें वर चढतांना वाटेंत एखाद्या वाडीला लागतें का रे ?"

मंगळवारीं, ४ जूनला, तंबू सोडले. लोकसभेच्या मतमोजणीचा तो दिवस. फोनला संदेश मिळेना म्हणून आमचे मधले बंधू राजूरपर्यंत खिडकीबाहेर हात धरून बसले होते. निघतांना बाईंनीं मातोश्रींच्या ओटींत सेरभर वरई घातली. मातोश्रींनीं आपली रोजची तांब्याची कळशी, जी घेतल्याशिवाय त्या कोठें जात नाहींत, ती त्यांच्या ओसरीवर ठेवून दिली. विसरल्या म्हणून आमची नात ती परत आणावयास निघाली, तेव्हां तिला त्यांनीं डोळ्यांनीं गप्प बसविलें.

पुढच्या आठवड्यांत एका संध्याकाळीं बाईंचा फोन आला. आवाज नीट ऐकूं येत नव्हता, कारण मागें पत्र्यावर पावसाचा मारा चालला होता. दोन दिवसांपासून लागला आहे, काजवे गेले, विहिरींत पाणी पायरीपर्यंत आलें, नाचणीची पेर चालली आहे. "आजीला सांगा," त्या ओरडून म्हणाल्या, "आतां या म्हनावं, पायजे तेवढं न्हाऊं घालते."